धाकलीचे डोळे आणि आमचा कॅमेरा

परवा अकोल्याहून दोन तरुण अमरावतीला आमच्या घरी आले होते. एकाच्या खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्याच्या हातात प्लास्टिकची फाईल आणि फाईलमध्ये चाळीस-पंचेचाळीस पाने. चहा झाल्यावर ती फाईल आमच्यापुढे सरकवत एक जण म्हणाला, "काका, सिनेमा कराचा हाय. धाकलीवर. ब्लॅक अँड व्हाइट." आम्ही चष्मा लावला आणि पहिले पान उघडले. पहिल्याच दृश्यात दोन माणसांचे डोळे काढले जात होते. आम्ही फाईल मिटून ठेवली.

पोरे गोंधळली. म्हाताऱ्याला आवडले नाही असे त्यांना वाटले असावे. न आवडण्याचा प्रश्नच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी ज्या बातमीने आमची झोप उडवली, ती बातमी आमच्या नातवांच्या वयाची पोरे पडद्यावर आणू पाहतात याचा आम्हाला आनंदच झाला. परंतु असा सिनेमा कोणाच्या नजरेने करायचा आणि त्यात काय दाखवायचे, काय झाकायचे, हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे. म्हणून त्या दिवशी आमच्यात जे बोलणे झाले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आजच्या पिढीतील बऱ्याच वाचकांना धाकली माहीत नसेल. अकोला जिल्ह्यातले हे एक खेडे. २६ सप्टेंबर १९७४ रोजी तेथे गोपाळ नाथू गवई आणि बब्रुवान नाथू गवई या सख्ख्या भावांचे डोळे काढण्यात आले. त्यांचा गुन्हा काय होता? गोपाळरावांच्या मुलीला गावच्या पाटलाच्या मुलाने लग्नाचे वचन देऊन फसवले. ती गरोदर राहिली आणि मग त्याने हात वर केले. अशा वेळी गावगाड्याची अपेक्षा ठरलेली असते. बापाने खाली मान घालावी, पोरीला मामाच्या गावी पाठवावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या वावरात निंदणाला जावे. गोपाळरावांनी ही अपेक्षा मोडली. त्यांनी जाब विचारला, दाद मागितली. भाऊ भावाच्या पाठीशी उभा राहिला. त्याची शिक्षा म्हणून दोघांच्या चारही डोळ्यांत कायमचा अंधार करण्यात आला.

जीव घेतला असता तर चार दिवस गाव हळहळले असते आणि विसरले असते. डोळे काढण्यामागे हिशेब होता. ही दोन माणसे जन्मभर चाचपडत वस्तीत फिरतील आणि त्यांच्याकडे बघून दुसरा कोणी तोंड उघडणार नाही, असा तो हिशेब होता. म्हणजे शिक्षा दोघांना आणि धाक साऱ्या वस्तीला! धर्मशास्त्रांत शूद्राने वेद ऐकला तर काय आणि उच्चारला तर काय, अशा शिक्षांची परंपरा ज्या समाजाने मनात जपली, त्या समाजाला अवयव काढण्याचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

तो काळही समजून घेतला पाहिजे. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर नेमलेल्या इलाया पेरुमल समितीचा अहवाल १९६९ साली आला होता आणि देशभरातील अत्याचारांची यादी संसदेपुढे ठेवली गेली होती. आमचे पुढारी गटातटांत वाटले गेले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच संतापातून. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली, भागवत जाधव शहीद झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात धाकली. ॲट्रॉसिटीचा कायदा तेव्हा नव्हता. तो १९८९ साली आला. नागरी हक्क संरक्षण कायदा हे नावही नव्हते. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा होता आणि त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती ते पाटलाच्या ओसरीवर चहा पिणारे होते. अशा वेळी पँथरने हे प्रकरण हाती घेतले. राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी दृष्टी गेलेल्या या दोन्ही भावांना मुंबईत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापुढे नेऊन उभे केले. वऱ्हाडातल्या एका खेड्यातील अन्याय थेट देशाच्या पंतप्रधानांना बघावा लागला. ज्यांना बघता येत नव्हते त्यांनी तो दाखवला!

आता प्रश्न असा की, इतक्या मोठ्या घटनेवर मराठी सिनेमाने काय केले? याच सुमारास मराठीत एक फार मोठा काळा-पांढरा चित्रपट झाला होता. १९७५ सालचा 'सामना'. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकरांचे लेखन आणि जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले आणि त्याला मारुती कांबळेबद्दल विचारून विचारून हैराण करणारा मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात पोहोचला. मारुती कांबळेचे नाव महाराष्ट्रात घरोघरी गेले. आजही एखादा माणूस सत्तेने गिळला की लोक त्याच नावाने प्रश्न विचारतात.

'सामना' आम्हाला आवडतो. तरीही पन्नास वर्षांनी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या चित्रपटात मारुती कांबळे हा प्रश्न आहे, माणूस फार थोडा आहे. लढत पाटील आणि मास्तर यांच्यात आहे. ज्याचा खून झाला त्याच्या घरात चूल पेटते की नाही, त्याच्या वस्तीत त्या रात्री काय बोलणे झाले, हे कॅमेऱ्याने फारसे विचारले नाही. सत्तेचा माज दिसला, जातीचा गावगाडा मागे राहिला. आणि ज्या दिवसांत थिएटरात लोक कल्पनेतल्या कांबळेसाठी हळहळत होते, त्याच दिवसांत अकोला जिल्ह्यात दोन खरे गवई भिंत धरून चालायला शिकत होते. त्यांच्यासाठी रिळ कोणी फिरवले नाही.

कोणी म्हणेल, डोळे काढण्याची घटना पडद्यावर दाखवण्यासारखी नाही म्हणून दाखवली नसेल. हे खरे नाही. बिहारमध्ये भागलपूरला १९७९-८० साली पोलिसांनी तीसहून अधिक कैद्यांच्या डोळ्यांत सुया आणि ॲसिड घातले. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली. तपन बोस यांनी त्यावर माहितीपट केला. पुढे २००३ साली प्रकाश झा यांचा 'गंगाजल' आला आणि गावोगावी चालला. धाकली भागलपूरच्या पाच वर्षे आधीची. म्हणजे विषय अडचणीचा नव्हता. अडचण अशी होती की धाकलीत डोळे गेलेले कोण आणि काढणारे कोण, हे सांगताना जात सांगावी लागली असती.

आणि 'गंगाजल'मध्येही नायक कोण आहे? पोलीस अधिकारी! ज्या खात्यातल्या लोकांनी डोळे फोडले त्याच खात्यातला एक कर्तव्यदक्ष साहेब कथेच्या मध्यभागी उभा राहतो आणि ज्यांचे डोळे गेले ते गुंड म्हणून कडेला जातात. हा एकट्या हिंदी सिनेमाचा दोष नाही. अमेरिकेत १९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपी राज्यात चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे नागरी हक्कांचे तीन कार्यकर्ते मारले गेले. त्यावर १९८८ साली 'मिसिसिपी बर्निंग' हा गाजलेला चित्रपट निघाला. त्यात नायक झाले एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. ज्या एफबीआयने मार्टिन ल्युथर किंगच्या मागे हेर लावले होते ती संस्था पडद्यावर काळ्यांची तारणहार ठरली. आपल्याकडे २०१९ च्या 'आर्टिकल १५' वर २०१४ च्या बदायूँ प्रकरणाची छाया आहे. तेथेही गावात न्याय घेऊन येतो तो ब्राह्मण आयपीएस अधिकारी. मुली झाडाला लटकलेल्या आणि गोष्ट मात्र साहेबाच्या जागृतीची! २०२१ चा तमिळ 'जय भीम' यापेक्षा पुढे गेला, १९९३ च्या एका खऱ्या कोठडीमृत्यूतील बाईची जिद्द त्याने दाखवली. तरी पोस्टरवर वकीलच मोठा आहे.

याला आम्ही पडद्यावरची पाटीलकी म्हणतो. मार आम्ही खायचा आणि नायकपण दुसऱ्याने घ्यायचे. पोरांच्या फाईलमध्येही आम्हाला हाच रोग दिसला. त्यांच्या कथेत मुंबईहून एक पत्रकार येतो आणि त्याच्या डोळ्यांनी आपण धाकली बघतो. आम्ही विचारले, "हा कोण?" उत्तर आले, "काका, प्रेक्षकाले कोनीतरी बाहेरचा माणूस लागते ना, समजून सांगाले." आम्ही म्हणालो, "बाबू, वस्तीतल्या माणसाले वस्ती समजून सांगाले पत्रकार कायले पाह्यजे?" दोघेही हसले आणि पत्रकाराच्या पानांवर तेथेच काट मारली.

मग आम्ही त्यांना ऑस्कर मिशो या माणसाची गोष्ट सांगितली. चळवळीच्या वाचकांनीही हे नाव लक्षात ठेवावे. मिशो हा अमेरिकेतला काळा माणूस, १८८४ चा जन्म. साउथ डाकोटाच्या माळावर त्याने शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या घरोघर जाऊन स्वतः विकल्या. १९१५ साली 'बर्थ ऑफ अ नेशन' या चित्रपटाने काळ्या माणसाला पशू आणि त्याला जाळणाऱ्या टोळीला वीर ठरवले होते. त्या काळात मिशोने मोठ्या कंपन्यांच्या दारात न उभे राहता लोकांकडून पैसे गोळा करून स्वतःचे चित्रपट काढायला सुरुवात केली. 'विदिन अवर गेट्स' हा त्याचा मूकपट १२ जानेवारी १९२० रोजी शिकागोत दाखवला गेला. काळ्या कुटुंबाला जमावाने फासावर चढवण्याचे दृश्य त्यात होते. शिकागोत सहा महिन्यांपूर्वीच वांशिक दंगल झालेली, म्हणून सेन्सॉरने आधी अडवले. तारीख बघा. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला बाबासाहेबांनी मुंबईत 'मूकनायक' काढला. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. पण आपली गोष्ट आपणच सांगितली पाहिजे, दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात आणि दुसऱ्याच्या पडद्यावर ती कधीच खरी निघणार नाही, हे दोघांनाही एकाच महिन्यात दिसत होते.

मिशोचे दुसरे काम धाकलीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १९१३ साली अटलांटा शहरात पेन्सिलच्या कारखान्यात एका गोऱ्या मुलीचा खून झाला. कारखान्याचा ज्यू व्यवस्थापक लिओ फ्रँक दोषी ठरला आणि १९१५ साली जमावाने त्याला तुरुंगातून पळवून फासावर टांगले. त्या खटल्यावर सारी अमेरिका बोलत होती. त्या कारखान्यात रात्रीचा एक काळा पहारेकरी होता. प्रेत त्यानेच पाहिले होते आणि पोलिसांनी पहिल्यांदा त्यालाच धरले होते. त्याच्याविषयी बोलायला कोणाला वेळ नव्हता. मिशोने या प्रकरणावरून १९२१ साली एक चित्रपट काढला, तो आज हरवला आहे. १९३५ साली त्याने तीच कथा 'मर्डर इन हार्लेम' म्हणून पुन्हा केली. कमी पैसा, काळी-पांढरी फिल्म. आणि कथेच्या मध्यभागी कोण? संशयात सापडलेला काळा पहारेकरी! खटला तोच होता, मिशोने कॅमेऱ्याची जागा बदलली. एवढे केले की सारे प्रकरण वेगळे दिसते.

हे ऐकून कॅमेरावाला पोरगा म्हणाला, "म्हंजे काका, कॅमेरा पाटलाच्या वाड्यातून उचलून विहाराच्या ओट्यावर ठेवाचा." आम्हाला यापेक्षा नेमके सांगता आले नसते.

'विदिन अवर गेट्स'ची आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेत तिची प्रत कोठेच उरली नव्हती. अनेक वर्षांनी स्पेनमध्ये एक प्रत सापडली, तीही स्पॅनिश नावाने. १९९३ साली तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयाने ती दुरुस्त करून पुन्हा उभी केली. काळ्यांचे दुःख दुसऱ्या देशाच्या गोदामात सत्तर वर्षे पडून होते. आमच्याकडे तर दुरुस्त करायला प्रतच नाही. धाकलीच्या वेळी सभा ऐकलेली, मोर्चात चाललेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दरवर्षी त्यातली काही आम्ही स्मशानात पोहोचवून येतो. त्यांच्याबरोबर त्या दिवसांची आठवणही जळते. म्हणून या पोरांना आम्ही म्हणालो, सिनेमा होईल तेव्हा होईल, आधी मोबाइल घ्या आणि म्हाताऱ्यांचे बोलणे भरून ठेवा.

आता काळ्या-पांढऱ्याचा प्रश्न. आम्हाला वाटले होते, पैसे नाहीत म्हणून पोरांनी हा मार्ग धरला असावा. आमच्या तरुणपणी रंगीत फिल्म परवडत नसे. पण पोरगा म्हणाला, "काका, आता रंगीत अन् ब्लॅक अँड व्हाइट एकाच भावात पडते. कॅमेरा तोच. पण रक्त लाल दिसलं की माणूस रक्तच पाह्यते, माणसाले पाहत नाही." आम्ही गप्प झालो. खरोखरच, १९६७ साली अमेरिकेत 'इन कोल्ड ब्लड' हा कॅन्ससमधील एका शेतकरी कुटुंबाच्या हत्याकांडावरचा चित्रपट निघाला तेव्हा रंगीत फिल्म सर्रास झाली होती, तरी तो मुद्दाम काळा-पांढरा ठेवला गेला. ज्या घरात खून झाले त्याच घरात त्याचे चित्रण झाले. पण त्यातही एक धोका दिसतो. दोन खुन्यांची मने उलगडता उलगडता मारले गेलेले चौघे पुसट होतात. गुन्हेगार नेहमीच अधिक चटकदार असतो. धाकलीच्या सिनेमात पाटलाचा मुलगा चटकदार होता कामा नये. त्याला मिशा पिळायला लावू नका, शिट्या मिळतील असे संवाद देऊ नका. निळूभाऊंसारखा नट खलनायकाला मिळाला की प्रेक्षक खलनायकाचीच नक्कल करत घरी जातो, हे आपण पाहिले आहे.

सर्वांत अवघड जागा त्या मुलीची. पोरांच्या फाईलमध्ये तिचे नाव होते आणि ती फसवली जाते तो प्रसंगही होता. आम्ही स्पष्ट सांगितले, नाव काढा आणि तो प्रसंग काढा. अत्याचारात सापडलेल्या स्त्रीची ओळख उघड करू नये असा कायदाही आहे, पण आम्ही कायद्यासाठी बोलत नाही. त्या घटनेत दोन पुरुषांचे डोळे गेले म्हणून इतिहासात पुरुषांची नावे राहिली. तिच्या वाट्याला काय आले? ती गावच्या कुजबुजीत जगली असेल. आज तिची लेकरे-नातवंडे कोठेतरी सन्मानाने राहत असतील. आमच्या सिनेमाने त्यांच्या दारात पन्नास वर्षांनी पुन्हा ती कुजबुज नेऊन टाकावी काय? लेखक पोरगा म्हणाला, "मंग ती दिसनच नाई का काका?" आम्ही म्हणालो, दिसू दे. ती आईशेजारी बसलेली दिसू दे, वडिलांचा हात धरून दवाखान्यात चाललेली दिसू दे. तिला बोलू दे. पण तिच्या अपमानाचे चित्र विकून आमचा निषेध उभा राहणार असेल तर तो निषेध आम्हाला नको.

हे आम्ही अनुभवातून बोलतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना गावाने मारले. भैयालाल तेवढे वाचले. त्यानंतर कितीतरी दिवस प्रस्थापित वर्तमानपत्रांनी त्या माउलीच्या चारित्र्यावरच शिंतोडे उडवले. समाज रस्त्यावर उतरला तेव्हा कोठे सरकार जागे झाले. नागपूर पेटले, अमरावती-अकोल्यापर्यंत आंदोलन पोहोचले. येथे अमरावतीत १४ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांच्या गोळीने दिनेश वानखडे हा तरुण गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. पण ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही न्यायालयांत लागला नाही! म्हणजे मेलेले चौघे बौद्ध होते हा निव्वळ योगायोग ठरला. २०१४ साली राजू मेश्राम यांनी 'खैरलांजीच्या माथ्यावर' हा चित्रपट केला. ज्या विषयाकडे मोठे निर्माते फिरकले नाहीत तो घेण्याचे धाडस त्यांनी दाखवले, हे मान्य केलेच पाहिजे. भैयालाल २०१७ च्या जानेवारीत गेले. न्यायालयाच्या निकालातून जात पुसली जाते तेव्हा सिनेमाच्या कथेत ती ठामपणे लिहिणे हे काम उरतेच.

काही समाजबांधव म्हणतील, हे जुने उकरून काय मिळणार? आपली मुले शिकली, अधिकारी झाली, आता रडगाणे पुरे. त्यांना आम्ही गवई हेच आडनाव पुन्हा आठवून देतो. अमरावतीत जन्मलेले न्यायमूर्ती भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. नात्यागोत्याचा संबंध आम्ही जोडत नाही, पण आडनाव तेच, वऱ्हाड तेच, बाबासाहेबांचा समाज तोच. केवढा हा प्रवास! वस्त्यावस्त्यांत पेढे वाटले गेले. आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात भर सुनावणीत एका वकिलाने त्यांच्या दिशेने जोडा फेकण्याचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडी सनातनाचा अपमान सहन करणार नाही अशी भाषा होती. धाकलीच्या पाटलाला गवयाने जाब विचारलेला सहन झाला नाही. दिल्लीच्या वकिलाला गवयाने न्यायासनावरून बोललेले सहन झाले नाही. हत्यार बदलले, दुखणे तेच आहे. मग धाकली जुनी कशी?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी, कारण भावनेवर सिनेमा होत नाही. पहिली गोष्ट कागदांची. ऐकीव माहितीवर एक दृश्यही लिहू नये. त्या काळची वर्तमानपत्रे, विधिमंडळातील चर्चा, न्यायालयाचे कागद, पँथरच्या नेत्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी, हे सारे समोर ठेवून मगच पुढे जावे. आपल्या बाजूची एक चूक सापडली की विरोधक सगळी घटनाच खोटी ठरवतात. दुसरी गोष्ट काळाची. पोरांनी चित्रणासाठी जे वावर निवडले त्यात सोयाबीन उभे होते. आम्ही म्हणालो, १९७४ च्या वऱ्हाडात असे सोयाबीनचे वावर कोठे होते? तेव्हा ज्वारी आणि कपाशी. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळाने माणसे खंगलेली, घरात रॉकेलची चिमणी. काळ्या-पांढऱ्यात हिरवा रंग दिसणार नाही, पण आमच्या आयाबायांना सोयाबीनचे पान ओळखू येईल. तिसरी गोष्ट सेन्सॉरची. थिएटरात लावायचा तर प्रमाणपत्र लागेल, आणि अपिलाचे न्यायाधिकरण २०२१ साली बंद झाल्यामुळे अडवणूक झाली तर थेट उच्च न्यायालयात जावे लागेल. त्याची तयारी आणि वकील आधीच ठेवावा.

चौथी गोष्ट पैशाची, आणि येथे आमचा रोख वाचकांकडे आहे. आपण जयंतीला डीजेवर एका रात्रीत किती पैसे उधळतो याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. पाच-दहा मंडळांनी एका वर्षाचा डीजे थांबवला तर या पोरांचा सिनेमा उभा राहतो. मग तो दाखवायला मल्टिप्लेक्सची परवानगी कशाला हवी? विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावा. जलशांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तेव्हा त्यांनी कोणत्या थिएटरचे भाडे भरले होते? एक सावधगिरी मात्र हवी. पैसा देणाऱ्या मंडळाने किंवा पुढाऱ्याने त्यात आपला फोटो आणि भाषण घुसडू नये. सिनेमा धाकलीचा आहे, निवडणुकीचा नाही.

जाताना लेखक पोराने विचारले, "मंग काका, पहिला सीन कोनता ठेवाचा?" आम्ही त्याला विचार करून सांगितले. पहाट आहे. घरात चूल पेटली आहे. गोपाळ गवई डोक्याला फेटा गुंडाळतात, भावाला हाक मारतात आणि जाब विचारायला घराबाहेर पडतात. दोघांचे डोळे उघडे आहेत. त्या डोळ्यांनी ते रस्ता बघतात, वस्ती बघतात, पाटलाचा वाडा बघतात आणि तरीही चालत राहतात. सिनेमा येथून सुरू करा. कारण या दोन भावांची ओळख त्यांचे डोळे गेले ही नाही. साऱ्या गावाने खाली बघायचे ठरवले होते तेव्हा त्यांनी वर बघितले, ही त्यांची ओळख आहे. डोळे काढण्याचा प्रसंग दाखवायचाच असेल तर पडदा काळा करा आणि फक्त आवाज ऐकू द्या. प्रेक्षकालाही दोन मिनिटे काही दिसू नये.

पोरांनी फाईल परत नेली आहे. नवी पाने लिहून झाली की पुन्हा येतो म्हणाली. धाकलीच्या मोर्चात चाललेले, तेव्हाची कात्रणे, पत्रके, फोटो जपून ठेवलेले कोणी अकोला-अमरावतीत असतील तर त्यांनी ती ट्रंक आता उघडावी आणि आपल्या नातवाला बोलावून सगळे सांगावे. वाळवीच्या आधी आपण पोहोचलो पाहिजे.

जयभीम!